पाच इंचांची फुरसत

हवाना सिगारच्या शौकिनांत ‘रोबुस्तो’ हे नाव अदबीने घेतले जाते. लांबी 124 मिलिमीटर, म्हणजे पाच इंचांहून किंचित कमी. जाडी मात्र चांगली अंगठ्याएवढी. सिगारची जाडी मोजण्याची रीत निराळी आहे. इंचाचे 64 भाग करायचे आणि व्यास त्यातले किती भाग भरतो ते सांगायचे. रोबुस्तो 50 भरतो. चर्चिलच्या नावाने ओळखला जाणारा लांबलचक सिगार 178 मिलिमीटरचा, पण अंगाने 47 मापाचा. तो संपवायला दीड तास हवा, आणि एवढी सवड आता श्रीमंतांनाही राहिलेली नाही. रोबुस्तोची बैठक तासाभरात उरकते. या आकाराला पूर्वी ‘रोथशिल्ड’ म्हणत. त्या सावकार घराण्यातल्या कुणा व्यग्र गृहस्थाने चव पूर्ण पण वेळ थोडा घेणारा सिगार मागितला, अशी कथा सांगतात. ‘कोहिबा’ने 1989 मध्ये आपला रोबुस्तो बाजारात आणला आणि या बुटक्याला मानाचे पान मिळाले. गंमत अशी की, ज्या फिडेल कास्त्रोंसाठी कोहिबा प्रथम वळला गेला, त्यांनी 1985 मध्येच सिगार सोडला होता.

जाणकार माणूस हा सिगार सावकाश ओढतो. ज्योत टोकाला न टेकवता सिगार फिरवत पेटवायचा, मिनिटाला एखादा झुरका घ्यायचा, धूर छातीत न नेता तोंडात खेळवायचा. राख झटकायची नाही; ती आपोआप पडू द्यायची. घाई केली की सिगार तापतो आणि कडू होतो. अंगाने जाड असल्यामुळे त्यात निरनिराळ्या पानांचे मिश्रण नीट बसते, धूर थंड येतो, आणि चव सुरुवातीला एक तर शेवटी दुसरीच लागते. तंबाखू महाग झाली म्हणून तिचा अपाय कमी होत नाही, हे खरेच. पण इतिहास सांगणाऱ्याने शौकाची लज्जत लपवू नये.

या शौकाशी युरोपची पहिली ओळख झाली तेव्हा तिथे अरबी जाणणारा एक माणूस हजर होता. 1492 च्या जानेवारीत ग्रॅनडा पडले. त्याच वर्षी नोव्हेंबरात कोलंबसने क्यूबाच्या किनाऱ्यावरून दोन माणसे आत धाडली. आपण पूर्वेच्या महान खानाच्या मुलखात आलो, अशी त्याची समजूत होती. म्हणून रोद्रिगो दे हेरेसबरोबर त्याने लुईस दे तोरेसला पाठवले. तोरेस हा धर्मांतर केलेला यहुदी. हिब्रू आणि थोडी अरबी जाणणारा. खान भेटला नाही, अरबी कुणाला कळली नाही. वाटेत दिसली ती पेटलेली पाने हातात घेऊन धूर ओढणारी तैनो माणसे.

पुढे क्यूबाच्या पश्चिमेकडील वुएल्ता आबाहो भागातले पान जगात नावाजले गेले आणि हवानात कारखाने उभे राहिले. आत मिश्रण, त्यावर बांधणीचे पान, सर्वांत वर नितळ वेष्टनाचे पान. हत्यार म्हणावे तर अर्धचंद्राकृती पाते, ‘चावेता’. बाकी सारे बोटांचे कसब. यंत्राचा खडखडाट नाही. हात गुंतलेले, डोळे गुंतलेले. कान तेवढे मोकळे.

त्या कानांसाठी कामगारांनीच सोय केली. 1865 च्या डिसेंबरात हवानाच्या ‘एल फिगारो’ कारखान्यात वाचन सुरू झाले. एकाने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी वळता वळता ऐकायचे. वाचणाऱ्याची मजुरी ऐकणाऱ्यांनी आपल्या पगारातून भरायची. सातुर्निनो मार्तिनेस या सिगार कामगाराने त्याच वर्षी ‘ला आउरोरा’ हे पत्र काढले होते. लिहिता-वाचता न येणारा मजूर कादंबरी ऐकू लागला, बातमीवर वाद घालू लागला. उतारा आवडला की चावेता टेबलावर आपटून दाद! स्पॅनिश सरकारला हे मानवले नाही. 1866 च्या मे महिन्यात बंदीहुकूम निघाला: वाचनामुळे मजुरांचे लक्ष कामावरून उडते. खरी भीती कशाची होती, ते सांगायला नकोच. बंदी आली, गेली, पुन्हा आली. वाचन मात्र तगले. ‘माँटेक्रिस्टो’ हे 1935 चे सिगारचे नावही अशाच ऐकलेल्या ड्यूमाच्या कादंबरीवरून पडले, असे सांगतात.

क्यूबाचे कामगार फ्लोरिडातल्या टँपाला गेले तेव्हा वाचकाला बरोबर घेऊन गेले. तिथे 1931 मध्ये मालकांनी वाचकाचा मंचच काढून टाकला. मजुरांनी संप केला; तो फसला. वाचकाच्या जागी रेडिओ आला.

आपल्या देशात कण्णूरच्या विडी कामगारांत अशीच रीत होती. एकजण वर्तमानपत्र वाचायचा, इतर त्याच्या वाट्याच्या विड्या वळून द्यायचे. पण त्याला चार माणसे एका छपराखाली बसलेली लागतात. सोलापूरची विडीवाली पान आणि तंबाखू घेऊन घरी जाते, उंबऱ्याशी बसून एकटीच वळते, आणि मोजून माल देऊन येते. तिचेही कान मोकळेच असतात.