बाहुलीचे डोळे कुठे मिळतात?

आमच्या मजल्यावरची एक मुलगी लॉकडाऊनपासून क्रोशाचे हत्ती विणते. मुलगी म्हणजे लग्न झालेली, एका मुलाची आई, पण मला ती लहानपणापासून माहीत, म्हणून मुलगीच. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी घेते, महिन्याला सात-आठ हत्ती जातात. गेल्या महिन्यात दारात उभी राहून म्हणाली, "ताई, डोळे कुठे मिळतील हो?"

मी तिच्या घरी गेले तर खिडकीत सात हत्ती रांगेत, सगळ्यांची डोकी उघडी. हा प्रकार माहीत नसलेल्यांसाठी सांगते. ही खेळणी मुक्या खांबाने गोल गोल विणतात, इतकी घट्ट की आतला कापूस दिसू नये. प्लॅस्टिकच्या डोळ्याला मागे खाचांची दांडी असते. ती विणीतून आत घालायची आणि आतून चकती दाबून बसवायची. एकदा बसली की निघत नाही. म्हणजे डोळे बसवल्याशिवाय डोकं भरता येत नाही आणि भरल्याशिवाय बंद करता येत नाही. ऑनलाइन मागवलेल्या पाकिटातल्या निम्म्या चकत्या सैल निघाल्या आणि सगळं काम अडलं.

निघालो आम्ही दोघी. दादरला रानडे रोडला मणी मिळाले, आणि ते हलणारे चिकटवायचे डोळे, शाळेच्या प्रोजेक्टला लागतात तसले. ते उपयोगाचे नाहीत, नखाने निघतात. मग भुलेश्वरला गेलो. तिथल्या दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "देवाचे की बाहुलीचे?" आणि उत्तराची वाट न बघता देवाच्या डोळ्यांचा डबा पुढे सरकवला. देवीच्या मुखवट्याचे, मोठे, छोटे, मीना केलेले. बाहुलीचे त्याच्याकडे नव्हतेच. शेवटी अब्दुल रेहमान स्ट्रीटवर 12 मिलिमीटरचे मिळाले, शंभर जोड्यांचं पाकीट. पाकिटावर फक्त आकडा होता. कोणी बनवले, कुठे बनवले, कशाचे बनवले, काही नाही. मी विचारलं, आयएसआय वगैरे आहे का? तो हसला. "ताई, डोळ्याला कसला आयएसआय!"

ही पोस्ट त्या हसण्यामुळे लिहितेय.

माझी आजी सातारकडची. बेंदराला मातीचे बैल करायची आणि त्यांना गुंजांचे डोळे लावायची. लाल बी, टोकाला काळा ठिपका, बैल खरंच बघतोय असं वाटायचं. गुंज म्हणजे सोनाराच्या तराजूतली तीच. पण ती विषारी. अख्खी गिळली तर टणक सालीमुळे बहुधा तशीच बाहेर पडते, चावली तर जिवावर बेतू शकतं. आजीला हे ठाऊक होतं, म्हणून बैल पूजेपुरते फळीवर आणि आम्ही खाली. खेळायला मिळायची ती चिंध्यांची बाहुली, तिचे डोळे काळ्या दोऱ्याचे. त्याआधीच्या पिढ्यांची लाकडी ठकी असायची, तिचे डोळे रंगवलेले. म्हणजे आपल्याकडे तोंडात जाऊ शकेल असा डोळा मुलाच्या हातातल्या खेळण्याला फारसा नसायचाच. डोळा काढायचा, नाहीतर भरायचा. लालबाग-परळच्या गणपती कारखान्यांत अजूनही डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जाणत्या हाताने होते, हे इथल्या वाचकांना मी काय सांगणार.

वेगळा, बाहेरून बसवलेला डोळा हा युरोपातल्या बाहुल्यांचा. जर्मनीत लाउशा नावाचं काच कारागिरांचं गाव आहे. तिथे बाहुल्यांचे काचेचे डोळे बनत, आणि त्याच कारागिरीतून एकोणिसाव्या शतकात माणसांसाठी काचेचे डोळे निघाले. हा क्रम मला फार गमतीचा वाटतो, आधी बाहुली आणि मग माणूस! लंडनमध्ये 1850 च्या सुमारास हेन्री मेह्यू या पत्रकाराने बाहुल्यांचे डोळे बनवणाऱ्या एका कारागिराची मुलाखत घेतली होती. तोही दोन्ही प्रकारचे डोळे बनवायचा. त्याचं म्हणणं असं की इंग्लंडात निळ्याच डोळ्यांना मागणी, कारण राणीचे डोळे निळे, आणि स्पॅनिश अमेरिकेला पाठवायचे ते मात्र काळे. विलायती बाहुली निळ्या डोळ्यांची का, याचं उत्तर राणी व्हिक्टोरियापर्यंत जातं तर.

1902-03 च्या सुमारास एकीकडे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आणि दुसरीकडे जर्मनीत स्टाइफच्या कारखान्यात टेडी बेअर जन्माला आला. स्टाइफच्या सुरुवातीच्या अस्वलांचे डोळे म्हणजे चक्क बुटाची काळी बटणं. नंतर तारेवर बसवलेले काचेचे डोळे आले. दिसायला सुंदर, पण मुलाने ओढून काढला की हातात काच आणि टोकदार तार. 1948 मध्ये वेल्समधल्या वेंडी बोस्टन या बाईंनी मागून स्क्रूने अडकवायच्या नायलॉनच्या डोळ्याचं पेटंट घेतलं. घरी खेळणी शिवता शिवता धंद्यात उतरलेल्या या बाई. आज अब्दुल रेहमान स्ट्रीटवर मिळतो तो खाचांचा डोळा त्याच कल्पनेच्या वंशातला. इंग्रजीत त्याचं नावच 'सेफ्टी आय'. नावाने भलताच धीर येतो.

आता आमच्या घरातलं. वडील प्रभादेवीच्या एका गिरणीत साचे खात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आईला क्रोशा येत होता. शाळेत शिकलेली, तोवर तोरणं आणि टीव्हीवरचे रुमाल यापलीकडे गेलेली नव्हती. संपात तिने नगावर काम घ्यायला सुरुवात केली. टोपडी, मोजे, मग ससे. सशाला डोळे म्हणून काळे मणी. 1983 च्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ, वय दहा महिने, एका सशाचा मणी तोडून गिळायला लागला. आजीने त्याला उपडा धरून पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा मणी बाहेर आला. तो निळा पडला होता, हे मी स्वतः बघितलंय. त्या दिवसानंतर आईच्या सशांना दोऱ्याचे डोळे. ठेकेदाराने नगामागे पैसे कमी केले, कारण मण्याचा ससा जास्त चमकायचा.

हे काम कधी काम म्हणून मोजलंच गेलं नाही. 1920 च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागे साधारण एक बाई असायची, बहुतेक रिळं आणि वाइंडिंगवर. पुढे त्या कमी होत गेल्या आणि कमाई घराच्या चार भिंतींत आली. खानावळी, पापड, शिलाई, विणकाम. खानावळवाल्या बायकांना 1975 मध्ये प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, तेव्हा कुठे बँकेने त्यांच्याकडे कर्ज देण्याजोगी माणसं म्हणून बघितलं. विणणाऱ्यांचं तेवढंही झालं नाही. आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशे लेस विणणाऱ्या बायकांवर मारिया मीस यांनी पुस्तक लिहिलं. त्यांचा माल परदेशी जायचा, व्यापारी गब्बर व्हायचे, आणि बायका मात्र 'घरी बसून फावल्या वेळात करतात' अशा हिशेबात. पुस्तक निघालं 1982 मध्येच, आमच्या संपाच्या वर्षी.

आता डोळ्याच्या आयएसआयकडे येते. 2019 मध्ये क्वालिटी कौन्सिलने तपासलेल्या आयात खेळण्यांपैकी सुमारे 67 टक्के सुरक्षा चाचण्यांत नापास झाली. फेब्रुवारी 2020 मध्ये खेळण्यांवरची कस्टम ड्युटी 20 वरून 60 टक्के झाली, 2023 मध्ये 70. खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेशही फेब्रुवारी 2020 चाच, लागू झाला 1 जानेवारी 2021 पासून. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याला आयएसआय मार्क हवाच. 2016 च्या बीआयएस कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख दंड अशी तरतूद. आमच्या सात हत्तींची मिळून किंमत तीन हजारसुद्धा होत नाही.

यातून सूट आहे. डिसेंबर 2020 च्या दुरुस्तीनुसार हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदवलेल्या कारागिरांना, आणि भौगोलिक मानांकनाच्या नोंदणीकृत उत्पादकांना. म्हणजे कार्ड असलं तर हत्ती हस्तकला, नसलं तर तोच हत्ती बेकायदा खेळणं.

मी कायद्याच्या विरोधात नाही. ज्या घरात मूल निळं पडलेलं बघितलंय त्या घरातली मी, विरोधात कशी असेन? नियम हवाच. माझी तक्रार अशी की कार्डामुळे डोळा घट्ट बसत नाही. नोंदणी झालेल्या बाईच्या हत्तीचा डोळाही कोणी ओढून बघणार नाही, आणि नोंदणी नसलेलीने दहादा ओढून बघितला तरी ती गुन्हेगारच. कागद तपासायची सोय आहे, डोळा तपासायची नाही.

आम्ही तपासला. युरोपच्या मानकात 6 मिलिमीटरपेक्षा मोठा डोळा 90 न्यूटनच्या ओढीने, म्हणजे साधारण 9 किलोच्या वजनाएवढ्या जोराने, 10 सेकंद ओढतात आणि तो निघता कामा नये. माझ्याकडे बॅगा मोजायचा हुकाचा काटा आहे. नव्या पाकिटातले डोळे बसवलेला एक हत्ती बळी दिला. सुतळीचा फास डोळ्यामागे घातला, पोरीने हत्ती धरला, मी ओढलं. सहा किलोला डोळा चकतीसकट बाहेर! चकती सुटली नव्हती, तुटलीही नव्हती. वीण ताणून भोक मोठं झालं होतं आणि अख्खं प्रकरण त्यातून निसटलं होतं. फर किंवा जाड कापडाला चालणारा डोळा विणीला चालेलच असं नाही, कारण वीण म्हणजे मुळात भोकंच. मागे फेल्टचा तुकडा लावून दुसरा केला, तो नऊला टिकला. पण पोरगी म्हणाली, "ताई, धुतल्यावर टिकेल का? वर्षभराने?" मला उत्तर देता आलं नाही.

जी दक्षिण वॉर्डात असा काटा घेऊन महिन्यातून एक दिवस कोणी बसलं, तर किती खर्च येईल? बचत गटांच्या शिबिरांत बॅनरवर जेवढा होतो त्याहून कमी. खेळणी तिथे आणा, ओढून बघा, निघाला तर का निघाला ते सांगा. पंतप्रधान 30 ऑगस्ट 2020 च्या 'मन की बात'मध्ये खेळण्यांवर बोलले. आयात खरंच घसरली, 2018-19 मध्ये 37 कोटी डॉलरच्या आसपास होती ती 2021-22 मध्ये 11 कोटींवर. ही मोकळी झालेली जागा मोठे कारखाने भरतायत, तो त्यांचा हक्कच आहे. खेड गल्लीतल्या बायकांसाठी मात्र अजून एक काटासुद्धा नाही.

तिचा कार्डासाठीचा अर्ज आम्ही दोघींनी मिळून भरलाय. 'व्यवसाय' या रकान्यात तिने सवयीने 'गृहिणी' लिहिलं होतं, ते खोडून 'क्रोशे कारागीर' केलं. इथे कोणाला हे कार्ड मिळालं असेल तर किती दिवस लागले, कुठे चकरा माराव्या लागल्या, ते खाली लिहा. खूप जणींना उपयोग होईल.

हत्तींना शेवटी दोऱ्याचे डोळे घातले. आई आता शहाहत्तरची आहे, हात थरथरतो, पण डोळा कसा भरायचा ते तिनेच दाखवलं. आधी आडवे तीन टाके, त्यावर उभे, मग एका कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याचा एकच ठिपका. एक हत्ती थोडा चकणा झालाय. तो विकायचा नाही म्हणून तिच्या मुलाने स्वतःकडे ठेवून घेतला. नव्व्याण्णव... नाही, अठ्ठ्याण्णव जोड्या डोळे माझ्या कपाटात पडून आहेत.