प्रस्तावना: मुलानं घर बदलल्यावर

परळी तालुक्यातलं धर्मापुरी मंदिरस्थापत्याच्या अभ्यासकांना केदारेश्वरामुळे ठाऊक आहे. कुटुंबकायद्याच्या अभ्यासकांनी या भागाकडे वळावं ते दुसऱ्या कारणासाठी. दसरा सरला की बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला निघतात आणि मूल कुणापाशी ठेवायचं, हा प्रश्न घरोघर नव्यानं उभा राहतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. जोडी फुटली की कमाईचा हिशेबच मोडतो. आई अर्ध्या कोयत्यावर दुसऱ्या टोळीत जाते, मूल आजोळी राहतं, आणि पोटगीचा आदेश मात्र जुन्याच रकमेसह कायम असतो.

ताबा आणि पोटगी यांतल्या बदलाचा कायदा इथून शिकायला घ्यावा, असं माझं मत आहे. मूल एका दिवसात घर बदलतं. आदेश बदलायला अर्ज करावा लागतो. ‘पोरगं आता माझ्याकडं आहे’ म्हणून बापानं परस्पर पैसे थांबवले, तर थकबाकी चढत जाते आणि एक दिवस वॉरंट दारात येतं. उलट, मूल सांभाळणारी बाई तारखेला गेलं की मजुरी बुडते म्हणून गप्प बसते. थकलेल्या रकमेच्या वसुलीचं वॉरंट हवं असेल, तर ती देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

ताब्याचा आदेश कधीच अखेरचा नसतो, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयानं १९७३ साली रोझी जेकब प्रकरणात घेतली. १९९७ मध्ये धनवंती जोशी विरुद्ध माधव उंडे या खटल्यात तीच पुढे नेताना न्यायालयानं बजावलं की, परिस्थिती बदलली एवढं पुरत नाही. नवा ताबा मुलाच्या हिताचा आहे हे सिद्ध झालं पाहिजे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ न्यायालयाला ताबा, पालनपोषण आणि शिक्षणाविषयीचे आदेश वेळोवेळी बदलू देतं. पोटगीची रक्कम कमी-जास्त करण्याचा दंडाधिकाऱ्याचा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२७ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ मध्ये आहे आणि सर्व धर्मांच्या कुटुंबांना लागू आहे.

याच संहितेच्या कलम १४४ मधल्या एका वाक्यांशाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावं. पोटगी कुणाच्या हाती द्यायची, हे दंडाधिकारी वेळोवेळी ठरवू शकतो. म्हणजे आई फडावरच्या कोपीत असताना नातवाला शाळेत धाडणाऱ्या आजीच्या हाती बापाची रक्कम देण्याची वाट कायद्यात आहे. ती मागितली गेली पाहिजे.

२०२० चा रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या वादातला. दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं, असं त्यानं ठरवलं आणि शेतीवर जगणाऱ्यांसाठी स्वतंत्र नमुनाही दिला. तरीही उचलीचा पेच उरतोच. दसऱ्याला हातात आलेली ती रक्कम उत्पन्न म्हणायची, की पुढच्या पाच-सहा महिन्यांच्या घामानं फेडायचं कर्ज? माझ्या मते ते कर्जच. पण उचल आहे म्हणून बापाला लेकराच्या खर्चातून मोकळं सोडता येणार नाही. दुसरा पेच वास्तव्याचा. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात मूल सामान्यतः जिथं राहतं तिथल्या न्यायालयात अर्ज जातो. अर्धं वर्ष कारखान्याच्या परिसरात काढणाऱ्या मुलाचं ‘सामान्यतः’ कोणतं? हंगाम संपला की ते ज्या घरी परततं आणि ज्या शाळेच्या पटावर त्याचं नाव असतं, ते गाव धरावं, असं मला वाटतं.

या विषयाकडे नव्यानं येणाऱ्यांचं मनापासून स्वागत. विद्यार्थ्यांना एकच विनंती: वरिष्ठ न्यायालयांचे निकाल वाचण्याआधी परळी-अंबाजोगाईच्या न्यायालयांत पोटगीच्या तारखेला दिवसभर बसा.