सोलापूरचा विद्यार्थी आणि त्याची यंत्रे

सोलापुरास आगगाडी 1860 साली आली; महाविद्यालयासाठी मात्र 1940 साल उजाडावे लागले. त्या वर्षी दयानंद महाविद्यालय निघेपर्यंत मॅट्रिक झालेल्या मुलाने वळकटी बांधून पुण्याची वा मुंबईची वाट धरावी, हाच शिरस्ता होता. महाविद्यालय गावात आले तरी विद्यापीठ दूरच राहिले: आधी मुंबई, मग पुणे, आणि 1962 नंतर कोल्हापूर.

त्या काळच्या विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्याची यंत्रसामग्री ती केवढी! क्लार्कची कोष्टके, कंपासपेटी आणि ऐपत असल्यास सरकपट्टी. 1972 साली अमेरिकेत खिशात मावणारे शास्त्रीय गणकयंत्र निघाले आणि सरकपट्टी हळूहळू अडगळीत गेली. ही साधने ज्याची त्याने आणावयाची. परंतु ती मागून आणूनही भागत असे.

संगणकाचे तसे नव्हते. 1983 साली सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही अभियांत्रिकी संस्था निघाली, त्या सुमारास आपल्या देशात संगणक म्हणजे संस्थेची मालमत्ता, वातानुकूलित खोलीत कुलपाआड ठेवलेली. चपला दाराबाहेर काढावयाच्या आणि नेमून दिलेल्या तासालाच त्याच्यापुढे बसावयाचे. हा देवघराचा थाट ऐकून आज श्रोत्यांना हसू येईल. तथापि त्या सोवळ्यात एक न्याय होता. गिरणीकामगाराचा मुलगा व कारखानदाराचा मुलगा एकाच यंत्रापुढे सारखाच वेळ बसत, आणि यंत्राची किंमत, वीज व दुरुस्ती यांचा भार संस्थेच्या शिरावर असे.

1 ऑगस्ट 2004 रोजी केवळ एका जिल्ह्यासाठी सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले. पुणे रस्त्यावर केगावी ते उभे राहिले. 2019 साली त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले. गंमत अशी की, विद्यापीठ गावाच्या वेशीशी आले त्याच काळात राज्यातील विद्यापीठांचे कामकाज पडद्यावर जाऊ लागले होते. अर्ज, प्रवेशपत्र, निकाल सारे इंटरनेटवर. त्यासाठी काही वर्षे नेट कॅफेत चार पैसे मोजून काम होई. पुढे 2016 पासून डेटा स्वस्त झाला आणि यंत्र ज्याच्या त्याच्या खिशात आले. त्याबरोबर खर्चही खिशात आला, याकडे कोणी फारसे पाहिले नाही.

ते पाहणे 2020 साली भाग पडले. मार्चमध्ये टाळेबंदी झाली. अंतिम वर्षाची परीक्षा घेतलीच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑगस्टला दिला. आणि महाराष्ट्रात ती प्रामुख्याने घरबसल्या घेण्याचे ठरले. काही विद्यापीठांनी केंद्रावर बसून लिहिण्याची सोय ठेवली, हेही नमूद केले पाहिजे. परंतु सोलापूर हे यंत्रमागाचे आणि विड्यांचे गाव. आई विड्या वळते, वडील मागावर जातात, आणि घरात मिळून मोबाइल एकच, तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, अशा घरच्या मुलीने परीक्षेला बसावयाचे ते कोणत्या यंत्रावर? जो मोबाइल मार्चपर्यंत परीक्षागृहाच्या दाराशी काढून घेतला जाई, तोच ऑक्टोबरात परीक्षेचे दार होऊन बसला. बाक, पंखा, दिवा आणि शांतता ही पूर्वी परीक्षा केंद्र पुरवीत असे. आता ती सारी त्या मुलीने एका खोलीच्या घरातून उभी करावयाची होती.