तोरण आणि कोरड्यास

दसऱ्याला दारोदारी आंब्याच्या पानांचे तोरण चढते. गावगाड्यात ते बांधण्याचे काम मांगाचे. तोरण बांधायचे, उंबरठा मात्र ओलांडायचा नाही. मोबदला म्हणजे सणाचे वाढे. माझे आजोबा हेच करीत.

इमारतींच्या पायात मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून पुरीत असत, असे १८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे हिने लिहिले. फुले दांपत्याच्या शाळेतली ती मांगाची मुलगी. वय अवघे चौदा. पायात आम्ही, दारावर तोरण आमचे, आणि घर दुसऱ्याचे!

आजी दहा घरची येळवणीची आमटी एकाच गाडग्यात आणी. चुलीवर पुन्हा उकळून वरून लसूण-मिरचीची फोडणी देई. भाकरीशी ते कोरड्यास खाऊन पोरे तृप्त होत, असे वडील सांगतात. चव आजीच्या हाताची होती. पण त्या आठवणीने हळवे होऊन कोणी वाढ्यालाच 'आपली परंपरा' म्हणू लागला, तर मी त्याच्या हाती मुक्ताचा निबंध ठेवतो.

वडिलांनी गावची तोरणे बांधणे सोडले. आता दसऱ्याला तोरण आमच्याच दारावर असते. आमटीही आमच्याच पुरणाची. फोडणी तेवढी आजीची राहिली आहे.