सरपण ते इंडक्शन शेगडी : रायगड किनाऱ्यावरील चुलीचा इतिहास

प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासात किल्ले, बंदरे आणि राजघराणी यांना जेवढे स्थान मिळाले तेवढे चुलीला मिळालेले नाही. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा व जंजिरा गॅझेटियरमध्ये जंगल, मीठ व मासळी यांची सविस्तर नोंद आहे. परंतु ही मासळी ज्या विस्तवावर शिजे तो विस्तव कोणाच्या कष्टातून पेटे, हा प्रश्न त्या काळच्या अधिकाऱ्यांना पडण्याचे कारण नव्हते. गेल्या दोन दशकांत या किनाऱ्यावरील अनेक घरांत इंडक्शन शेगडी आली आहे. प्रस्तुत लेखात तिचा विचार एक यंत्र म्हणून न करता, इंधनावर हक्क कोणाचा या जुन्या प्रश्नाचा अलीकडचा टप्पा म्हणून केला आहे.

किनाऱ्यावरील घराचे पारंपरिक इंधन वाडीतून आणि डोंगरातून येत असे. वाडीतल्या वाळलेल्या झावळ्या, नारळाची सोडणे व करवंट्या, सुरूच्या काटक्या आणि डोंगरातील लाकूडफाटा यांवर चूल व तिला जोडलेला वैल चालत. सरपण गोळा करणे, ते पावसाळ्यापूर्वी रचून ठेवणे आणि फुंकणीने जाळ धरणे ही कामे स्त्रियांकडे होती. हे इंधन फुकट मिळे असे म्हणण्याची पद्धत आहे. स्त्रीच्या श्रमाला किंमत नाही असे गृहीत धरल्याखेरीज ते विधान टिकत नाही.

त्यातच कोकणच्या खाड्यांतून गलबते भरून सरपण मुंबईला जात असे आणि दुसरीकडे राखीव जंगलांचे नियम कडक होत होते. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे, अक्कादेवीच्या माळावर, जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. हा लढा स्वातंत्र्य चळवळीचा भाग होता हे सर्वश्रुत आहे. मात्र आगरी, कोळी, कातकरी कुटुंबांच्या दृष्टीने तो रोजच्या लाकूडफाट्याचाही लढा होता, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

जिल्ह्यात वीज निर्माण झाली ती आश्चर्यकारक लवकर. टाटांचे खोपोली येथील जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये आणि भिरा येथील केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. पण तारा गेल्या मुंबईच्या गिरण्यांकडे. पुढे १९७४ मध्ये मुंबई हायचे तेलक्षेत्र सापडले, तेथील वायू उरणच्या किनाऱ्यावर उतरला, आणि १९८२ मध्ये उरणजवळ बोकडविरा येथे वायूवर चालणारे वीजकेंद्र उभे राहिले. दरम्यान १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे रायगड असे नामांतर झाले होते. ज्या तालुक्यात स्वयंपाकाचा वायू तयार होत होता, तेथील गृहिणी रॉकेलच्या रांगेत उभी राहत होती. हा विरोधाभास केवळ उरणचा नाही. पण येथे तो डोळ्यांसमोर होता.

इंडक्शन शेगडीचे तत्त्व मात्र या सर्वांहून जुने आहे. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. शेगडीच्या काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून अतिशय जलद दिशा बदलणारा प्रवाह गेला की भांड्याच्या बुडातच प्रवाह निर्माण होतात आणि भांडे स्वतः तापते. काच तापते ती भांड्यामुळे. यासाठी बुडाला लोहचुंबक चिकटला पाहिजे. त्यामुळे घरोघरी ‘जर्मन’ या नावाने ओळखली जाणारी ॲल्युमिनियमची भांडी, पितळी पातेली आणि कालवणाचे मातीचे मडके एका दिवसात निरुपयोगी ठरले. मौज अशी, की घावणांचा सपाट बुडाचा बिडाचा तवा, जो कदाचित घरातला सर्वांत जुना असेल, तो या शेगडीवर उत्तम चालतो. तांदळाची भाकरी जाळावर फुगवणे आणि सुके बोंबील निखाऱ्यावर भाजणे या गोष्टी मात्र तिला जमत नाहीत.

सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्र शासनाने अनुदानित सिलिंडरची संख्या वर्षाला सहावर आणली (ती पुढे नऊ व २०१४ मध्ये बारा झाली), तेव्हा या शेगडीकडे अनेक कुटुंबे जोडसाधन म्हणून वळली. दोन हजार वॅटची शेगडी पूर्ण क्षमतेने अर्धा तास चालली तर एक युनिट वीज लागते. हिशेब सोपा आहे, परंतु त्यात वीज असणे गृहीत धरलेले आहे.

आणि येथेच किनाऱ्याचा अनुभव वेगळा ठरतो. मुंबईच्या दृष्टिपथात असलेल्या घारापुरी बेटावरील राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर या तीन गावांना समुद्राखालून टाकलेल्या सुमारे साडेसात किलोमीटर लांबीच्या केबलद्वारे वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोवर तेथे जनित्रावर संध्याकाळचे काही तास दिवे लागत. अशा ठिकाणी विजेवरच्या स्वयंपाकाचा प्रश्नच नव्हता. त्यानंतर ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात किनाऱ्याला धडकले. विजेचे खांब आडवे झाले आणि दक्षिण रायगडातील कित्येक गावांत वीज परतण्यास आठवडे लागले. टाळेबंदीचे दिवस, तोंडावर पाऊस, आणि नारळ-सुपारीच्या वाड्या उन्मळून पडलेल्या. अंगणात लाकूड भरपूर होते, पण ते ओले होते.

सरपण संपत आले की डोळ्यांना दिसते. सिलिंडर हलवून पाहता येतो. विजेचा साठा मात्र घरात नसतो, आणि तिच्यावरील नियंत्रण गावाबाहेर, पुष्कळदा जिल्ह्याबाहेर असते. किनाऱ्यावरील स्त्रियांनी हे ओळखलेले दिसते. ओट्यावर इंडक्शन आणि शेजारी गॅस असूनही मागील पडवीतली चूल त्यांनी मोडलेली नाही. तिच्यावर अंघोळीचे पाणी तापते, बोंबील भाजले जातात, आणि मे महिना संपण्यापूर्वी तिच्याशेजारी थोडी सोडणे कोरडी ठेवलेली असतात.