सरंजामाची शीव

महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या सांध्यावर असलेल्या दादरा व नगर हवेलीची सीमा नकाशावर फार वेडीवाकडी दिसते. दादरा नगर हवेलीपासून सुटे, चहूबाजूंनी गुजरातने वेढलेले; तर नगर हवेलीच्या पोटात गुजरातचे एक गाव. नदी, डोंगर किंवा भाषा यांपैकी कशानेही या सीमेचा उलगडा होत नाही. माझ्या मते तो होतो एका आकड्याने : १२,००० रुपये.

१७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली, पण दमण पोर्तुगीजांकडेच राहिले. पुढे इंग्रजांशी युद्ध जुंपले, तेव्हा पुणे दरबाराला पोर्तुगीजांची दोस्ती मोलाची वाटू लागली. १७७९ च्या तहातील सतराव्या कलमाने त्यांना दमणच्या बाजूच्या गावांतून सालिना १२,००० रुपयांचा वसूल देण्याचे ठरले. १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी ती गावे नेमून दिली गेली. हा सरंजाम होता. सरंजामाचा हिशेब वसुलावर होई; गावे सलग असलीच पाहिजेत असे नव्हते. आकडा भरला की काम झाले.

खरी गाठ १८१८ नंतर बसली. पेशवाई बुडाली आणि भोवतालचा मुलूख इंग्रजांकडे गेला. सरंजाम देणारा धनीच उरला नाही. इंग्रजांनी या गावांवरचा पोर्तुगीज अंमल वादात न ओढता चालू दिला. अशा रीतीने वसुलाचा मानकरी मुलखाचा मालक झाला आणि गावांच्या शिवा दोन युरोपीय सत्तांमधली सीमा ठरल्या.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी दादरा व नगर हवेली मुक्त केली. सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे या लढ्यात होते. दमणहून तिकडे जाण्याची वाट भारताने अडवली, म्हणून पोर्तुगालने १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. तिथे 'सरंजाम' आणि 'जहागीर' या आपल्या दफ्तरांतल्या शब्दांचा कीस पडला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की मराठ्यांनी वसूल दिला होता, सार्वभौमत्व नव्हे. मात्र इंग्रजांनी पुढे पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व वस्तुतः मान्य केले होते. नागरी अधिकारी, सामान्य माणसे आणि माल यांना वाटेचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रांना नव्हता. भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, असाही निर्वाळा मिळाला.

१९६१ मध्ये हा भाग केंद्रशासित प्रदेश झाला, २०२० मध्ये दमण-दीवशी जोडला गेला. शिवा मात्र त्याच राहिल्या. आजही दमणहून सिल्वासाला जाणाऱ्याला गुजरात ओलांडावा लागतो.

सीमांचे वाद आपल्याला नवे नाहीत, आणि अशा वादांत जुने कागद हमखास पुढे येतात. ते वाचताना, कागदाने कोणते गाव दिले याइतकेच त्या गावातले नेमके काय दिले, हेही मला महत्त्वाचे वाटते. वसूल आणि राज्य यांतला फरक एकदा नजरेआड झाला, तर त्याची रेघ दोनशे वर्षांनीही नकाशावरून पुसली जात नाही.