पंचांगशुद्धि आणि अनेकांची बुद्धि

पुनरुत्थानाचा सण कोणत्या दिवशीं पाळावा याचा नियम ख्रिस्तसभेनें प्राचीन काळींच घालून दिला आहे : वसंतसंपात 21 मार्चला धरून त्या दिवशीं अगर त्यानंतर जी पौर्णिमा येईल, तिच्या पुढचा रविवार. परंतु जुलियस सीझरच्या पंचांगांत वर्ष 365 दिवस 6 तासांचें धरलें होतें. खरें सौर वर्ष त्याहून सुमारें 11 मिनिटांनीं लहान आहे. हीं मिनिटें शतकानुशतकें सांचत गेलीं, आणि सोळाव्या शतकांत संपात 11 मार्चच्या सुमारास होऊं लागला. सर्व सणांचा राजा असा हा सण त्यामुळें कित्येकदां भलत्याच दिवशीं पडे.

हा दोष कोणास ठाऊक नव्हता असें नाहीं. रॉजर बेकन या फ्रान्सिस्कन मठवाशानें 1267 च्या सुमारास तो पोप चौथे क्लेमेंत यांच्या नजरेस आणिला होता. पुढें लॅटरनच्या पांचव्या परिषदेच्या वेळीं कोपर्निकसला विचारण्यांत आलें. परंतु सूर्यचंद्रांच्या गति अद्याप पुरेशा मोजलेल्या नाहींत, असें त्याचें मत पडलें.

अखेर हें कार्य पुष्कळांनीं मिळून केलें. मूळ योजना कालाब्रियांतील वैद्य लिलियुस याची. वर्षाचें मान त्यानें तोलेदो येथील यहुदी पंडितांनीं राजा आल्फोन्सो याच्यासाठीं रचलेल्या कोष्टकांवरून घेतलें. तो 1576 सालीं वारला; त्याचा ग्रंथ रोमला सादर केला तो भाऊ आंतोनियो यानें. पोप तेरावे ग्रेगरी यांच्या मंडळांत येशूसंघाचे गणिती क्लावियुस, दोमिनिकन ज्योतिषी दांती व अरबी गणितांत निष्णात असे अंत्युखियाचे सिरियन पात्रिआर्क नेमतुल्ला हे बसले. एवढ्यानेंही समाधान न मानतां योजनेचा सारांश राजेलोकांस व विद्यापीठांस धाडून मतें मागविलीं.

24 फेब्रुवारी 1582 रोजीं आज्ञापत्र निघालें. त्या वर्षीं गुरुवार, 4 ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशीं शुक्रवार, 15 ऑक्टोबर आला. ज्या शतकवर्षास 400 नें भाग जात नाहीं, तें यापुढें लीप वर्ष नाहीं, असें ठरलें. म्हणून 1900 लीप नव्हतें, 2000 होतें.

तथापि आज्ञा रोमहून आली एवढ्याच कारणानें कित्येक देशांनीं ती नाकारली. इंग्लंडनें 1752 पर्यंत चुकीचें पंचांग पाळलें, आणि तेव्हां त्यास 11 दिवस गाळावे लागले. सूर्याचें गणित उभयतांस एकच होतें. मनें मात्र जुळलीं नव्हतीं.

आपल्या भिंतीवरील दिनदर्शिका त्या वैद्याचें, त्या मठवाशांचें, त्या यहुदी पंडितांचें व त्या पौर्वात्य पात्रिआर्काचें ऋण वाहते. धर्मग्रामाचें काम करतांना एखादा प्रश्न एकट्यास सुटेना, तर शेजाऱ्यास विचारण्यांत कोणासही कमीपणा वाटूं नये.